सत्तर टक्क्यांचा कागद घरात येतो तेव्हा

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी, असा नियम आहे. घरचं बियाणं ठेवलं असेल तर आम्ही शेतकरी बंधूंना शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायला सांगतो. आठवडाभराने मोजायचे. सत्तर उगवले तर शिफारशीप्रमाणे पेरा, साठच उगवले तर एकरी बियाणं वाढवा. हिशेब सरळ आहे. कोणता दाणा उगवेल अन् कोणता सडेल हे कोणी विचारत नाही, कारण शेतकऱ्याला एका दाण्याशी घेणंदेणं नसतं.

आता हाच आकडा एखाद्या बाईच्या हाती आला तर? बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ अशी दोन जनुकं १९९४ आणि १९९५ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढली. ही जनुकं तशी आपल्या रक्षणाचीच. पण त्यांत जन्मतः बिघाड असेल तर वयाच्या ८० वर्षांपर्यंत शंभरातल्या सुमारे सत्तर बायकांना स्तनाचा कर्करोग होतो, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तो अभ्यास मुख्यतः गोऱ्या लोकांच्या देशांतला होता, हेही सांगितलं पाहिजे. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही अशा बायकांत वाढतो. बाई मात्र शंभर दाण्यांची पुडी नसते. तिला एकतर होणार किंवा होणार नाही. मधला सत्तरचा आकडा ती रात्री उशाशी घेऊन झोपते.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं काही वाचकांच्या मनात येईल. वाण, संकर, वंश समजावून सांगणं हे आमचं रोजचं काम, म्हणून लोक बाकीचेही प्रश्न आम्हालाच विचारतात. वडनेरच्या पट्ट्यात कापूस वेचणीच्या दिवसांत बायका दुपारी धुऱ्यावर जेवायला बसल्या की बरंच बोलणं निघतं. गेल्या वेचणीत एकीने शिदोरीच्या पिशवीतून घडी केलेले कागद काढले. सगळे इंग्रजीत. तिच्या मोठ्या बहिणीला चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला, शहरातल्या एका दवाखान्यात उपचार झाले. पुढचं औषध ठरवायला जनुकाची तपासणी केली, ती बिघाड असल्याची आली. "बहिणींनी पण तपासून घ्या" एवढं सांगून कागद हाती दिला. दोन महिने ती तो कागद घेऊन फिरत होती. तिचा पहिला प्रश्न कॅन्सरचा नव्हताच. "साहेब, हे सासरी कळलं तर माह्या पोरीचं लगन कसं होईन जी?" पोरगी चौदा वर्षांची.

भाऊ मात्र निर्धास्त होता. त्याचं म्हणणं, "बायकांची बिमारी हाय, मायकडून बहिणीले आली. माह्या पोरींले काय त्याचं?"

हा गैरसमज फार मोठा आहे आणि तोच जास्त छळतो. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात नर ओळ आणि मादी ओळ या दोन्हींचा वाटा सारखा असतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कळतं. इथंही तसंच आहे. बिघडलेलं जनुक मायकडून येतं तसं बापाकडूनही येतं. आई-बापापैकी एकात ते असेल तर प्रत्येक लेकराला, पोरगा असो की पोरगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी. बापाला स्वतःला बहुतेक वेळा काही होत नाही (पुरुषांनाही स्तनाचा कर्करोग होतो, पण क्वचित, बीआरसीए-२ मध्ये प्रोस्टेटचा धोका मात्र वाढतो), म्हणून बापाच्या बाजूचा धागा कोणाच्या ध्यानात येत नाही. आत्या कशाने गेली, आजोबाच्या बहिणी कशाने गेल्या, हे विचारतो कोण? सगळा दोष मायच्या पदरात पडतो. मायही तो घेते. "मीच माह्या लेकीले दिलं" असं म्हणत बसते. जे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं, जे तिने निवडलं नव्हतं, त्याची ती माफी मागते.

घाबरून जाऊ नये म्हणून हेही लिहितो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत आनुवंशिक कारण असलेले साधारण पाच ते दहाच असतात. एखाद्या घरी आजीला सत्तरीत गाठ निघाली म्हणून सगळ्या नातींनी धास्ती घ्यायची गरज नाही. जवळच्या नात्यात दोघी-तिघींना झाला असेल, ऐन तरुणपणी झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, अंडाशयाचाही कर्करोग त्या घराण्यात असेल, किंवा पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर डॉक्टरांकडे हा विषय काढावा. आणि तपासणी शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीपासून सुरू करावी. त्या व्यक्तीत नेमका कोणता बिघाड आहे ते कळलं की मग बहिणीत, लेकीत तोच शोधता येतो.

विदर्भाला वंशाच्या तपासणीचा अनुभव नाही असं नाही. सिकलसेलने आपल्याला तो भरपूर दिला आहे. २०२३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, पण इथल्या गावांत रक्त तपासून कार्ड देण्याचं काम त्याआधीपासूनचं. त्यात वाहक माणूस, म्हणजे ज्याला एकाच बाजूने ते जनुक आलं आहे तो, एरवी धडधाकट असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र प्रत्येक अपत्यामागे चारात एक शक्यता रोगाची. म्हणून कार्ड बघून सोयरीक करा, असा सल्ला. सल्ला बरोबरच. पण काही घरांत झालं काय? पोराचं कार्ड ट्रंकेत राहिलं अन् पोरीचं कार्ड चर्चेत आलं. धडधाकट पोरगी "सिकलसेलवाली" झाली. काही मायबापांनी तपासणीच नको म्हटलं ते अडाणीपणाने नव्हे. कागदाचं पुढं काय होतं ते त्यांनी शेजारी पाहिलं होतं.

बीआरसीएत तर कार्ड जुळवण्याचाही उपाय नाही, कारण एका बाजूचं जनुकच पुरे होतं. म्हणून माझं मत असं की समजावून सांगणारा माणूस आधी हवा, रक्त नंतर. मन किती सोसेल हे परदेशात तपासून झालं आहे. कॅरिन लर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात बिघाड निघाला त्यांची उदासी महिनाभराने फारशी वाढलेली नव्हती, आणि ज्यांच्यात निघाला नाही त्यांची कमी झाली होती. १९९८ च्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. कर्करोगाची काळजी मनात घर करून बसलेली, तरी निकाल ऐकायला नको म्हणणारी, अशा माणसांची उदासी वाढली होती. म्हणजे खरं कळल्याने माणूस मोडतोच असं नाही. पण तिथं त्या लोकांना निकालाच्या आधी आणि नंतर बसवून समजावलं जात होतं. इथं धुऱ्यावर कृषी सहायक इंग्रजी कागद वाचतो, हा त्यातला फरक.

निकाल दोनच प्रकारचे असतात असंही नाही. कधी "बदल आहे, पण त्याचा अर्थ आज सांगता येत नाही" असा शेरा येतो. आपल्या लोकांत तो जास्त येतो, कारण तुलनेची माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची जमलेली आहे. असा शेरा म्हणजे रोगाचा निकाल नव्हे, आणि त्यावरून कोणी शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. आधी सांगितलं नाही तर बाई त्यालाही होकारच समजते. ज्या बहिणीचा निकाल चांगला येतो तिचंही मन सोपं नसतं. घरात सापडलेला बिघाड तिच्यात नसेल तर तिचा धोका इतर बायकांइतकाच राहतो. तिने पेढे वाटावे की आजारी बहिणीपुढे गप्प बसावं? अशी एखादी कित्येक दिवस बहिणीच्या घरी जायचं टाळते.

बिघाड निघाला तरी करण्यासारखं बरंच असतं. तरुण वयापासून दरवर्षी एमआरआय, पुढे मॅमोग्राफी, लेकरं झाल्यावर चाळिशीच्या आगेमागे अंडाशय आणि बीजवाहिन्या काढणं, आणि कोणी निवडलं तर स्तन काढून टाकणं. सिनेनटी अँजेलिना जोली हिने २०१३ साली स्वतःबद्दल हे लिहिलं तेव्हा जगभर चर्चा झाली. तिच्यापाशी पैसा होता. आमच्या बाईला एमआरआयसाठी मजुरी पाडून एसटीने जावं लागतं, आणि "गाठ नाही, दुखत नाही, तर कशाला?" या घरच्या प्रश्नाला दरवर्षी उत्तर द्यावं लागतं. निरोगी शरीरावर शस्त्रक्रिया करून घ्यायची हे नवऱ्याला पटवायचं तर त्यालाही त्या पहिल्या बैठकीला बोलवावं लागेल. अर्थात बाई हो म्हणेल तरच.

कोणाला सांगायचं हा प्रश्न सर्वांत नाजूक. कागद तिचा आहे, तिच्या परवानगीशिवाय तो आशाताईंच्या वहीत किंवा शेजारच्या ओसरीवर जाता कामा नये. पण बहिणींचा आणि भावांचा त्यावर हक्क आहे असं मला वाटतं, कारण त्यांचं जीवित त्यात गुंतलं आहे. सासरी गेलेल्या बहिणीला फोनवर सांगू नये. तिकडे फोन स्पीकरवर असतो. दिवाळीला, राखीला ती माहेरी येते तेव्हा भावाने बसवून सांगावं, आणि भावाने आपली स्वतःची तपासणीही करावी, म्हणजे बोट एकट्या बायकांकडे राहत नाही. त्या चौदा वर्षांच्या मुलीची तपासणी मात्र आता करायची नाही. या आजारासाठी अठराच्या आत तपासत नाहीत. ती मोठी झाल्यावर स्वतः ठरवेल, आणि "मला नाही माहीत करून घ्यायचं" म्हणाली तर तेही ऐकावं लागेल.

टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग जनुकीय चिकित्सालय नवी मुंबईत खारघरला आहे. वडनेरहून तो रात्रभराचा प्रवास. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सिकलसेलच्या कामात वर्षानुवर्षं लोकांना समजावून सांगणारी माणसंही आहेत. त्यांच्यातल्याच काहींना या विषयाचं प्रशिक्षण द्यावं, आठवड्यातला एक वार ठरवावा, आणि तपासणीचा कागद मराठीतल्या एका पानासह, समोर बसवून द्यावा. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत हा विषय कोणी मांडणार असेल तर हिंगणघाट तालुक्यातली दोन-चार कुटुंबं बोलायला तयार होतील, नाव न छापण्याच्या अटीवर.