कॅट, क्लास आणि तात्पर्यनिर्णय

मराठी विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याने व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेला बसण्याचा विचार बोलून दाखवला, की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली विभागातली : 'मग साहित्याला आलास कशाला?' दुसरी क्लासवाल्यांची : 'ते साहित्य विसर, आधी इंग्रजी शब्दांची यादी पाठ कर.' पहिलीत साहित्याचा अभिमान आहे आणि दुसरीत अवहेलना; परंतु दोहोंच्या मुळाशी असलेले गृहीतक एकच आहे. साहित्याचे शिक्षण आणि ही परीक्षा यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, हे ते गृहीतक. ते साफ चुकीचे आहे आणि त्याची किंमत मात्र विद्यार्थी मोजतो, एवढे दाखवून देण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम ही परीक्षा म्हणजे नेमके काय ते पाहू. कारण तिच्याविषयी तुच्छतेने बोलणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी तिची प्रश्नपत्रिका डोळ्यांखालून घातलेली नसते. भारतीय व्यवस्थापन संस्थांतर्फे (आयआयएम) दरवर्षी घेतली जाणारी कॅट ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. पदवीला 50 टक्के गुण, आरक्षणातील काही प्रवर्गांना 45 टक्के, एवढीच अट. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही बसू शकतो. 2020 पासून परीक्षा दोन तासांची आहे आणि तिचे प्रत्येकी चाळीस मिनिटांचे तीन विभाग आहेत : भाषा व वाचन, माहितीचे अर्थनिर्णयन व तर्क, आणि गणित. एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. 2024 च्या परीक्षेत एकूण 68 प्रश्न होते. त्यांपैकी 24 भाषेचे, आणि त्या चोविसांतले सोळा चार उताऱ्यांवर आधारलेले. म्हणजे भाषा-विभागाचा दोन-तृतीयांश हिस्सा निव्वळ वाचनाचा. उतारे तत्त्वज्ञान, इतिहास, समाजशास्त्र, कलासमीक्षा, पर्यावरण अशा विषयांवरच्या निबंधांतून घेतलेले असतात. ताळेबंदाचा त्यांत मागमूसही नसतो!

आता उताऱ्यांवर विचारतात काय? लेखकाचे मुख्य प्रतिपादन कोणते. अमुक उदाहरण त्याने कशासाठी दिले. कोणते विधान त्याच्या युक्तिवादाला बळ देईल आणि कोणते त्याचा पाया काढून घेईल. न सांगितलेले पण सूचित झालेले काय आहे. लिहिण्याचा सूर उपरोधाचा आहे की समर्थनाचा. वाचकहो, हे आपल्याला अपरिचित आहे काय? अभिधेने काय सांगितले आणि व्यंजनेने काय सुचवले, हा भेद आपण एम. ए.च्या वर्गात आनंदवर्धनाचे नाव घेऊन शिकवतो. संहितेचे सूक्ष्म वाचन हा शब्दप्रयोग आपल्या प्रत्येक चर्चासत्रात चार वेळा तरी कानी पडतो. मग ज्या परीक्षेत नेमके हेच तपासले जाते, तिला साहित्याचा विद्यार्थी बिचकतो का?

याचे अर्धे उत्तर क्लासच्या उपदेशात आहे. नवख्याला तेथे पहिल्या दिवशी शब्दांची जाडजूड यादी हाती देतात. वास्तविक सुट्या शब्दाचा अर्थ थेट विचारणारे प्रश्न कॅटमधून केव्हाच मागे पडले आहेत. दुसरा उपदेश असा, की आधी प्रश्न वाचावेत, मग उताऱ्यात त्यातले शब्द हुडकावेत आणि ते सापडले की त्या ओळीपुरते वाचावे. ही युक्ती धोक्याची आहे. चुकीचा पर्याय बहुधा उताऱ्यातलेच शब्द घेऊन रचलेला असतो. शब्द तेच, पण नाते बदललेले. लेखकाने 'काही वेळा' म्हटले असेल तेथे 'नेहमी' घातलेले असते, किंवा प्रतिपक्षाचे मत लेखकाच्या नावावर खपवलेले असते. शब्द हुडकणारा वाचक या सापळ्यात हमखास सापडतो. उलट बरोबर पर्याय पुष्कळदा उताऱ्यातला एकही ठळक शब्द न वापरता त्याचा आशय मांडतो.

तात्पर्य ठरवण्याची याहून कितीतरी चांगली पद्धत आपल्या परंपरेत आहे. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ओळखण्याच्या खुणा सांगून ठेवल्या आहेत : उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'च्या (1915) पहिल्याच प्रकरणात या कसोट्यांची चर्चा केली आहे. याच खुणा पाचशे शब्दांच्या इंग्रजी उताऱ्याला लावून पाहा. आरंभ कशाने झाला आणि शेवट कोठे आला? कोणता मुद्दा निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो? हा लेखक इतरांहून नवे असे काय म्हणतो? ते मान्य केल्यास निष्पन्न काय होते? कोणता मजकूर केवळ स्तुती, निंदा वा दृष्टान्त म्हणून आला आहे? आणि युक्तिवादाचा कणा कोणता? यांपैकी अर्थवादाची कसोटी विशेष उपयोगाची. उताऱ्यातले रंजक उदाहरण वाचकाच्या मनात घर करते आणि तेच मुख्य प्रतिपादन समजून तो उत्तर देतो. अर्थवाद ओळखणारा वाचक असा फसत नाही.

उरलेले अर्धे उत्तर मात्र आपल्याच दारात आहे, आणि ते कडू आहे. आपले विद्यार्थी कविता वाचत नाहीत, कवितेवरचे टिपण वाचतात. कादंबरीऐवजी मार्गदर्शक वाचतात, आणि अपेक्षित प्रश्नांची यादी त्यांना कित्येकदा आपणच पुरवतो. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवीचे नाव न सांगता कविता विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि त्यांच्याकडून आलेले अभिप्राय तपासले. त्यातून 1929 साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ सिद्ध झाला. सुशिक्षित वाचकही साधा वाच्यार्थ कसा चुकवतात आणि साचेबंद प्रतिक्रिया कशा देतात, हे त्यात दिसले. या ग्रंथावर आपण टीप लिहून घेतो. पण त्याचा प्रयोग वर्गात करतो काय? न पाहिलेला उतारा समोर ठेवून 'यात लेखक काय म्हणतो, ते दोन वाक्यांत सांग' असे वर्षातून किती वेळा विचारतो? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

तेव्हा नवख्या विद्यार्थ्याने करावे काय, तेही सांगणे आवश्यक आहे. नुसत्या टीकेने कोणाचे भले होत नाही. हाती सात-आठ महिने असावेत. पहिले तीन महिने रोज एक इंग्रजी वैचारिक निबंध वाचावा. विषय मुद्दाम अनोळखी निवडावा. प्रत्येक परिच्छेदापुढे समासात एक वाक्य मराठीत लिहावे, आणि त्या वाक्यात परिच्छेद काय करतो ते असावे : आक्षेप मांडतो, मर्यादा घालतो, दाखला देतो, भूमिका बदलतो. मराठीत लिहिण्याची शिफारस जाणूनबुजून करीत आहे. परीक्षा केवळ इंग्रजीत होते, हे खरे. पण मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अडतो तो सहसा इंग्रजी वाक्यरचनेपाशी. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येऊन अर्थ मिटवते. इंग्रजीत ते आधी येते आणि मागून अटी, अपवाद यांची शेपटी वाढत जाते. त्या शेपटीतच लेखकाचा खरा पवित्रा दडलेला असतो. आशय स्वतःच्या भाषेत पकडता आला, की ही रचना अंगवळणी पडते. मग समासातले वाक्य मनातल्या मनात राहिले तरी चालते. त्यानंतर घड्याळ लावावे, आणि विकत घेतलेल्या सराव-संचांआधी मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. सुटलेल्या उत्तरापेक्षा चुकलेल्या उत्तरावर अधिक वेळ द्यावा आणि तो पर्याय का मोहक वाटला, ते लिहून काढावे.

गुणांचा हिशेबही समजून घ्यावा. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलेल्या पर्यायी उत्तराला एक ऋण. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला, तर सरासरीने हाती शून्य येते. एक पर्याय विचारपूर्वक बाद करून उरलेल्या तिघांतून निवडला, तर सरासरी धन होते. म्हणजे येथे नीट नाकारण्यालाही मोल आहे. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, त्यांत ऋण गुण नाहीत. ते कोरे सोडू नयेत. निकाल पर्सेंटाईलमध्ये येतो. 90 पर्सेंटाईल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत, तर इतर परीक्षार्थींच्या तुलनेतले स्थान. शालेय गुणपत्रिकेच्या सवयीने सराव-चाचणीतले गुण पाहून खचण्याचे कारण नाही.

गणिताचे काय, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. संस्था प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाईल मागतात. केवळ भाषेच्या बळावर कोणी तरत नाही. परंतु या गणिताचा मोठा भाग शतमान, गुणोत्तर, वेग-वेळ-अंतर, साधी समीकरणे, भूमिती असा शालेय पातळीचाच असतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने बालभारतीची सातवी ते दहावीची गणिताची पुस्तके पुन्हा एकदा न लाजता सोडवावीत आणि मगच परीक्षेच्या पुस्तकाकडे वळावे. अभियंत्यांच्या गर्दीत आपला पाड काय, ही भीतीही अर्धवट माहितीतून येते. अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना निवडीच्या वेळी काही अधिक गुण देण्याची पद्धत अनेक आयआयएममध्ये आहे.

दुसरा आक्षेप आपल्या विभागातून येईल : साहित्याला परीक्षेची बटीक करायचे काय? नाही. साहित्याचे वाचन पर्यायांत मावत नाही. चांगली कविता दोन अर्थ एकदम उभे करते, आणि तेथे एकच बरोबर पर्याय मागणे हा अडाणीपणा ठरेल. पण अनेकार्थता अनुभवण्याआधी वाच्यार्थ नीट लागावा लागतो. ज्याला निबंधलेखकाचे म्हणणे आणि त्याने खोडलेले म्हणणे यांतला फरक कळत नाही, त्याला कवितेतली संदिग्धता कळते, असे मानणे ही आपण स्वतःची करून घेतलेली समजूत आहे. शिवाय व्यवस्थापनाकडे जायचे की नाही, हा निर्णय विद्यार्थ्याचा. जुन्या आयआयएमचे शुल्क आज वीस लाखांच्या वर आहे. कर्ज काढून तेथे जावेच, असा माझा आग्रह नाही. मात्र तो दरवाजा त्याच्यासाठी बंद असावा, हे ठरवण्याचा अधिकार ना क्लासला आहे ना मराठी विभागाला.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक विभागाने आठवड्यातली एक तासिका अनोळखी गद्य उताऱ्यासाठी राखून ठेवावी. लेखकाचे नाव झाकावे, टिपणे बाजूला ठेवावीत, तात्पर्य विचारावे, आणि 'हे कशावरून?' असे पुन्हा विचारावे. त्या तासिकेतून एखादा विद्यार्थी कॅटला जाईल, एखादा पत्रकारितेत, एखादा आपल्याच विभागात संशोधनाला येईल. या तिघांनाही वाचता यावे, एवढी जबाबदारी तरी आपल्याला नाकारता येणार नाही.