विश्लेषण : नवा टीव्ही, महागडे स्पीकर, तरीही घरात सिनेमा 'घुमत' का नाही?

सप्टेंबर २०२५मध्ये ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठा पडदा मध्यमवर्गाच्या आणखी आवाक्यात आला. साताऱ्यापासून सांगली-मिरजेपर्यंत अनेक घरांत टीव्हीसोबत साउंडबार किंवा ५.१ स्पीकरचा संचही हप्त्यांवर येतो. जोडणीला आलेला माणूस मात्र 'चित्र आलं, आवाज आला' एवढे पाहून निघून जातो. पैसे मोजलेला सराउंड साउंड अनेकदा त्या घरात कधी वाजतच नाही. दोष टीव्हीचा नसतो, जोडणीचा असतो. म्हणूनच योग्य जोडणी हा विक्रीचाच भाग मानायला हवा.

५.१ म्हणजे नेमके काय?

समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला दोन असे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. यातील प्रत्येकाला वेगळा आवाज मिळायला हवा. पाऊस सगळीकडून, गाडी डावीकडून उजवीकडे आणि संवाद मधून, ही सारी रचना त्यावरच उभी आहे.

बाजारातील मोठी गफलत इथेच होते. केवळ लाल-पांढरी पिन किंवा ब्लूटूथ असलेल्या संचाला टीव्हीकडून आवाजाचे दोनच प्रवाह मिळतात, डावा आणि उजवा. मग तेच दोन प्रवाह पाचही स्पीकरमधून वाजतात. आवाज मोठा होतो, सिनेमा मात्र भोवती उभा राहत नाही. खोक्यावर '५.१' छापले आहे, एवढ्यावर खरेदी करू नये. संचाच्या मागे एचडीएमआय किंवा किमान ऑप्टिकल खाच आहे का आणि त्यावर 'डॉल्बी डिजिटल' लिहिले आहे का, हे आधी पाहावे.

कोणती वायर कुठे लावायची?

पिवळी-लाल-पांढरी वायर व्हीसीडी आणि जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या काळापासून सवयीची आहे. पण तिच्यातून जुन्या दर्जाचेच चित्र येते. एचडी बॉक्स घेऊन तो पिवळ्या पिनने जोडला, तर एचडीचे पैसे वाया जातात. बॉक्स एचडीएमआयनेच जोडावा.

साउंडबार किंवा होम थिएटर टीव्हीच्या कुठल्याही एचडीएमआय खाचेत लावून चालत नाही. टीव्हीच्या एका खाचेजवळ 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' अशी इंग्रजी अक्षरे असतात. आवाज टीव्हीतून बाहेर येण्याचा रस्ता तोच. एआरसीतून ५.१ आवाज जातो. ईएआरसी त्याहून पुढची सोय आहे, तिच्यातून न दाबलेला, पूर्ण दर्जाचा आवाजही जातो. टीव्हीला एआरसी नसेल, तर ऑप्टिकल वायर वापरावी. तिच्यातूनही साधे डॉल्बी डिजिटल ५.१ जाते.

केबल मात्र फार महाग घेण्याची गरज नाही. फोर-के चित्रासाठी 'प्रीमियम हाय स्पीड' असे प्रमाणपत्र असलेली केबल पुरते. सोन्याचा मुलामा दाखवून दुप्पट पैसे मागितले, तरी चित्र दुप्पट चांगले होत नाही.

सगळे जोडूनही बाजूचे स्पीकर गप्प का?

टीव्हीच्या साउंड मेनूत 'डिजिटल ऑडिओ आउटपुट' असते. ते 'पीसीएम'वर असेल, तर अनेक टीव्ही दोनच प्रवाह पाठवतात. तिथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू' निवडावे. 'एचडीएमआय-सीईसी'ही सुरू हवे. सॅमसंग त्याला 'एनीनेट प्लस', एलजी 'सिंपलिंक' आणि सोनी 'ब्राव्हिया सिंक' म्हणते. काही टीव्ही बॉक्समधून आलेला ५.१ आवाज पुढे पाठवताना दोन प्रवाहांवर आणतात. तसे होत असेल, तर बॉक्स थेट साउंडबारच्या एचडीएमआय 'इन' खाचेत लावावा.

शिवाय मुळात कार्यक्रमच ५.१मध्ये हवा. रोजच्या मालिका आणि बातम्या बहुतेक दोन प्रवाहांतच येतात. त्या पाहून 'संच बिघडला' असे ठरवू नये. तपासणी ५.१ची खूण असलेल्या सिनेमावर करावी. पावसाने भरलेला 'तुंबाड' (२०१८) त्यासाठी चांगला आहे.

संवाद नीट ऐकू का येत नाहीत?

विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये 'सीता स्वयंवर' सादर केले ते सांगलीतच. या नाट्यपंढरीतील प्रेक्षकाला शब्द ऐकू आला नाही, तर बाकीचा थाट व्यर्थ वाटणारच. ५.१ सिनेमात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तो शोकेसच्या खालच्या कप्प्यात कोंबला, की शब्द दबतात. तो टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर, तोंड कानाकडे करून ठेवावा. तरीही संवाद पुसट वाटले, तर सगळा आवाज न वाढवता फक्त 'सेंटर'ची पातळी वाढवावी.

डावा आणि उजवा स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवेत. उरलेले दोन बसण्याच्या जागेच्या बाजूला, किंचित मागे. पाचही स्पीकर टीव्हीशेजारी एका रांगेत मांडणे म्हणजे ५.१चा खर्च करून स्टिरिओ ऐकणे.

चित्राचे काय?

दुकानातील झगमगाटात उठून दिसावा म्हणून टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर ठेवतात. घरी त्याने चेहरे निळसर आणि भडक दिसतात. सिनेमासाठी 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर मोड' निवडावा. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेला 'स्वदेस' (२००४) दोन्ही प्रकारांत पाहिला, तर फरक लगेच कळतो.

अंतराचा ढोबळ हिशेब म्हणजे पडद्याच्या मापाची १.६ पट. ५५ इंचांसाठी साधारण ७ फूट, ४३ इंचांसाठी पावणेसहा फूट. आणखी एक गोष्ट. टीव्ही फोर-के असला, तरी नेटफ्लिक्सवर फोर-के फक्त सर्वांत वरच्या प्लॅनमध्येच मिळते.

वीज, वळीव आणि शेजारी

वळवाच्या विजा सुरू झाल्या, की नुसता रिमोट दाबून भागत नाही. प्लग काढावा आणि डिशची वायरही सोडवावी, कारण छतावरून येणारा झटका तिच्यातूनही आत शिरतो. अर्थिंग नसलेल्या बोर्डवर हजारो रुपयांचा संच लावणे हा जुगार आहे.

राहिला शेजारधर्म. नियमानुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सबवूफरचा खर्ज भिंत ओलांडतो, म्हणून रात्री 'नाइट मोड' लावावा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवू लागले, ते मुलांच्या अभ्यासासाठी. ज्या घरात परीक्षेचे वर्ष आहे, तिथे हा विचार स्पीकर घेण्याआधीच व्हावा.

ग्राहकाने काय मागावे?

तीन गोष्टी. एक, 'डॉल्बी डिजिटल ५.१' हे शब्द बिलावर लिहून घ्यावेत. दोन, जोडणीवेळी प्रत्येक स्पीकर वेगळा वाजवून दाखवायला सांगावा. बहुतेक होम थिएटरमध्ये त्यासाठी 'टेस्ट टोन' असतो. तीन, ५.१ सिनेमाचा एक प्रसंग लावून दाखवल्याशिवाय जोडणीच्या कागदावर सही करू नये. सांगितले एक आणि दिले दुसरे असे झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

दुकानदारांनीही हे ओझे मानू नये. ऑनलाइन सवलतीशी किमतीत बरोबरी करणे गावातील दुकानाला जड जाते, पण घरी येऊन तासभर नीट जोडणी करून देणे त्यालाच जमते. ग्राहक पुढच्या दिवाळीला परत येतो, तो या एका तासासाठी.