विज्ञानाचा मास्तर शहरांतच पिकतो काय ?

मृग निघाला कीं कुणब्याच्या घरीं दोन खर्च एकदमच दार ठोठावतात. एक बी-बियाण्याचा व खताचा, दुसरा पोरांच्या शाळेचा. पहिला खर्च आज्यापणज्यांपासून ओळखीचा आहे. दुसऱ्याच्या पोटांत मात्र अलीकडे एक नवा खर्च शिरला आहे व तो मूळ खर्चासच गिळूं लागला आहे. आठवीपर्यंत शाळा फुकट, पुस्तकें फुकट, दुपारची खिचडी फुकट. आणि एवढें सर्व फुकट घेऊन झाल्यावर पोरास विज्ञान येत नाहीं, म्हणून शहरांतल्या क्लासवाल्यास रोख रक्कम आगाऊ! मग त्या शाळेंत आठ वर्षें झालें काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो आज आम्ही विचारणार आहों.

दर जूनमध्यें पांच-सात बाप माझ्याकडे येतात. "गुरुजी, पोरगं धाव्वीत गेलं. सायन्सला चांगला सर बघून द्या की." कोणी "तुम्हीच शिकवा, काय असंल ते देतो" असेंही म्हणतो. त्यांस मला सांगावें लागतें कीं, बाबांनो, मी जिल्हा परिषदेचा नोकर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २८ व्या कलमानें मला खासगी शिकवणी करण्याची बंदी आहे. ही बंदी मला जाचक वाटत नाहीं. दिवसा जें शिकविण्याबद्दल पगार घ्यावयाचा तेंच संध्याकाळीं विकावयाचें ठरविलें, तर दिवसाचें माप आपोआपच कमी भरूं लागतें, हें तराजू धरणारा कोणीही सांगेल. आमच्याच बिरादरींत बायकोच्या नांवें क्लास चालविणारे महाभाग आहेत. त्यांनीं हा लेख वाचून रागावूं नये. रागावले तरी हरकत नाहीं.

आतां हा बाप जातो कोठें ? पैठणहून पन्नास किलोमीटरवर छत्रपति संभाजीनगर. जालना रस्त्यानें जा, क्रांति चौकांत उभे राहा, सिडकोंत हिंडा. खांबाखांबावर पोरांच्या मुखवट्यांचे फलक. आमचा शेतकरी तो फलक पाहतो, तोंडांत बोट घालतो आणि कनवटीचे पैसे मोजून देतो. बैल घेतांना हाच मनुष्य काय करतो तें आठवा. दांत पाहतो, शेपटी पिळतो, चार पावलें चालवून पाहतो, जुवाखालीं धरून पाहतो, आणि तरीही घरीं येतांना मनांत शंका ठेवितो. पोराचें सारें आयुष्य ज्याच्या दावणीस बांधावयाचें, त्या मास्तरास मात्र तो तोंडही न पाहतां, चित्रावरून पसंत करतो !

फलकावरील चित्रांचा खरेपणा किती, याविषयीं आम्ही एकट्यानेंच ओरडण्याचें कारण उरलेलें नाहीं. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें नोव्हेंबर २०२४ मध्यें नियमच काढला कीं, उत्तीर्ण विद्यार्थ्याची लेखी संमति, तीही निकालानंतर घेतलेली, असल्याखेरीज त्याचें नांव वा छायाचित्र जाहिरातींत वापरूं नये. रोगच नसता तर औषध कशाला काढलें असतें ? त्याच वर्षाच्या जानेवारींत केंद्राच्या शिक्षणखात्यानें कोचिंग-केंद्रांसाठीं मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलास किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलास घेऊं नये. शिकविणारा निदान पदवीधर असावा. अमुक गुण मिळवून देण्याची हमी देऊं नये. मूल मध्येंच निघालें तर उरलेल्या काळाचे पैसे परत करावेत. पावती घेऊन ठेवणाऱ्या बापास या सूचना ठाऊक असाव्यात म्हणून येथें लिहिल्या. पण आमच्यांत पावती मागणें म्हणजे सरांचा अपमान ! खताच्या दुकानदारास पावती मागावयास शिकलों, तेंही बियाणें दोनदां उगवलें नाहीं तेव्हां.

असो. पैसे गेले तर गेले; त्याहून वाईट गोष्ट पुढें आहे, आणि ती पोरींची आहे. खेड्यांतील मुलींस बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट आहे. सरकारनें हें चांगलें केलें. परंतु क्लास सुटतो साडेसातला, गांवची शेवटची गाडी निघून गेलेली असते, आणि फाट्यावर उतरून दोन मैल काळोख. तेव्हां बाप म्हणतो, "पोराला धाडूं, पोरीचं बघूं पुढं." पुढचें बघणें म्हणजे काय हें साऱ्या गांवास ठाऊक आहे. त्या पोरीस विज्ञानांत कमी गुण पडतात, मग तिला अकरावीला सायन्स मिळत नाहीं, मग "हिला काय शिकून करायचं" अशी सुरवात होते, आणि अठरावें वर्ष लागण्यापूर्वींच पाहुणे पोहे खाऊन जातात. पोरीची बुद्धि कमी पडली नाहीं, गाडी कमी पडली. मास्तर पन्नास किलोमीटरवर असला तर तो पोरासाठीं लांब असतो. पोरीसाठीं तो नसतोच.

बरें, एवढा खटाटोप करून पोरगा त्या क्लासांतून आणतो तरी काय ? नोट्स. सर नोट्स देतात आणि नोटा घेतात. मीं एका सुतार-लोहारकाम करणाऱ्या घरच्या पोरास विचारलें, "गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितांना ती तापवितात कां ?" पोरगा गप्प. त्याच्या वहींत स्थायु पदार्थांच्या प्रसरणाची व्याख्या सुवाच्य अक्षरांत, लाल शाईनें अधोरेखित केलेली ! त्याच्या बापानें जन्मभर धावा तापवून चढविल्या, पाणी ओतून आवळल्या. उष्णतेनें लोखंड वाढतें व थंडावतांच आक्रसतें हें त्या बापाच्या हातास ठाऊक. लेकाच्या वहींतलें ज्ञान व बापाच्या हातांतलें ज्ञान हीं एकाच घरांत राहून एकमेकांस ओळखीत नाहींत. या दोघांची गांठ घालून देतो तो विज्ञानाचा मास्तर. बाकीचे लेखनिक.

आमच्या घरीं विज्ञान नाहीं असें ज्यास वाटतें त्यानें कपाशीकडे पाहावें. २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें मराठवाड्यांतला कापूस खाल्ला. बीटी बियाण्याच्या पुडक्याबरोबर बिनबीटीची एक लहान पुडी येत असे. ती कडेनें पेरावयाची होती, आणि आम्ही ती बांधावर फेकून दिली. ती कां दिली होती, हें दहावीच्या पुस्तकांतील आनुवंशिकता व उत्क्रांतीच्या धड्यावरून समजतें. बीटीचें विष पचविणारी एखादीच अळी वांचते. तिचे पतंग बिनबीटीवर वाढलेल्या साध्या पतंगांशीं जुळले तर विष पचविण्याचा गुण पातळ होतो; बिनबीटीचें झाडच नसलें तर वांचलेल्या वांचलेल्यांशींच जुळतात व पुढची सारी पैदास विषाला दाद देत नाहीं. हा धडा आम्हीं गुणांसाठीं घोकला, शेतासाठीं वाचला नाहीं. त्याच सालीं यवतमाळकडे कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. औषधाच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटीं हिरवा. घरांतल्या आठवींतल्या पोरीस तो त्रिकोण ओळखतां आला तर तो तिच्या बापाच्या प्राणाचा प्रश्न आहे. यास तुम्ही सायन्सचे मार्क म्हणतां !

भाषेचेंही थोडें सांगितलें पाहिजे. हल्लीं सेमी-इंग्रजीची हवा आहे. पोरगें घरीं येऊन 'रिफ्रॅक्शन, रिफ्रॅक्शन' घोकतें. मराठीच्या अभिमान्यांनीं लगेच खूष होऊं नये, कारण पुस्तकांतला 'अपवर्तन' हा शब्दही आमच्या आईबापांचा नव्हे. बादलींत काठी बुडवा. ती पाण्याशीं मोडल्यासारखी दिसते. आधीं ही काठी, मग शब्द, मग तो कोणत्याही भाषेंतला असो. विज्ञान देशी भाषेंत शिकवितां येत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं या शहराचाच इतिहास आठवावा. निजामाच्या राज्यांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें बसलें, आणि रसायन व पदार्थविज्ञान उर्दूंतून शिकविलें गेलें. उर्दूच्या अभिवृद्धीचें काम करणारी अंजुमन तर मौलवी अब्दुल हक यांच्या हाताखालीं औरंगाबादेंतच वर्षानुवर्षें नांदत होती. त्यांनीं आपल्या भाषेसाठीं केलें तें उत्तमच केलें. पण मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या, कोष्ट्याच्या पोरास तें परकेंच राहिलें, ही दुसरी बाजूही खरी आहे. पुढें १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें महाविद्यालय येथें काढलें; तेंच मिलिंद. मराठवाड्याच्या पोरांनो, मुंबईस या, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. ज्ञान उचलून पोरांच्या दारांत आणून ठेविलें.

आणि त्याच्याही आधीं, १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं, जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. त्यांत खेड्यांतील मास्तर कसा असावा हें सांगितलें आहे. तो शक्यतों शेतकरी वर्गांतलाच असावा, लोकांत मिसळणारा, आणि वेळ पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरावयास न लाजणारा. शिवाय अभ्यासक्रमांत शेतीचें प्राथमिक ज्ञान व आरोग्य हेही विषय त्यांनीं मागितले होते. त्यास दीडशें वर्षें होत आलीं. आज फलकावरचा सर वाकस कशाशीं खातात हें विचारील.

तेव्हां आमचें म्हणणें दोन प्रकारचें आहे. पहिलें सरकारशीं. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत सहावी ते आठवीसाठीं विज्ञान-गणिताचा निदान एक शिक्षक असलाच पाहिजे असें लिहिलें आहे. आणि १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानें काय ठरविलें ? त्या वर्गांचा पट वीसाच्या खालीं गेला तर तेथें शिक्षकाचें पदच मंजूर करूं नये ! वस्तीवरच्या शाळेंत पोरें वीसाच्या खालीं असणारच; म्हणून त्यांस विज्ञान नको काय ? मोजदाद करणाऱ्यास पट दिसतो, पोर दिसत नाहीं. यावर शिक्षकांनीं मोर्चे काढले. पालक मात्र घरीं बसले, जणूं तो मास्तरांच्या पोटाचा प्रश्न होता.

दुसरें म्हणणें गांवाशीं, आणि तें जास्त कडू आहे. विज्ञान शिकविणारें माणूस तुमच्या गांवांत आहे. तें भाकरी थापीत आहे. मला माहीत असलेल्या एका गांवीं रसायनांत बी.एस्सी. झालेली सून चार वर्षें चुलीपुढें होती, आणि त्याच गल्लींतलीं पोरें एस.टी.ला लोंबकळून रसायन शिकावयास शहरांत जात होतीं. पांच घरांनीं मिळून तिला विचारावें असें ठरलें तेव्हां सासऱ्यानें विचारलें, "आमच्या घरची सून चारचौघांत उभी राहून शिकवणार ?" वाहवा रे कुलीनपणा ! हीच सून दुसऱ्याच्या शेतांत कापूस वेंचावयास गेली तेव्हां चारचौघें नव्हतीं काय ? शेवटीं सासू म्हणाली, "म्या जाऊन बसते तिच्या बाजूला," आणि समाजमंदिरांत शिकवणी सुरू झाली. अकरा पोरें, त्यांत सहा पोरी. या सहापैकीं एकही शहरांतल्या क्लासास कधीं गेली नसती. घरटीं महिना तीनशें रुपये ठरले. एकदोघांनीं ज्वारी देतों म्हटलें. मीं स्पष्ट सांगितलें कीं बलुतें नको. बलुत्यांत देणाऱ्याचा हात वर राहतो व घेणाऱ्याची मान खालीं. रोख द्या, महिन्याचे महिन्यास द्या, आणि सासऱ्याच्या नव्हे, तिच्या हातांत द्या.

सून नसेल तर कृषि-पदविका घेऊन बसलेला पोरगा असेल, नोकरीची वाट पाहणारी परिचारिका असेल, आय.टी.आय. झालेला वायरमन असेल. विद्युतधारेचा धडा वायरमनाइतका कोण शिकवील ? मात्र गांवचा म्हणून डोळे मिटून घेऊं नका. बैलाची परीक्षा येथेंही करावी. पहिल्या आठवड्यांत एक दिवस मागें जाऊन बसा. तुम्हांस अक्षर येत नसलें तरी बसा. तो सांगतो जास्त कीं विचारतो जास्त ? पोराचें उत्तर चुकलें तर हंसतो, मारतो, कीं "असें कां वाटलें ?" म्हणून पुसतो ? बालभारतीचें पुस्तक उघडतो कीं आपलीच छापील चोपडी विकतो ? महिन्यांतून निदान दोनदां कांहीं हातांत धरून दाखवितो काय ? पेला, मेणबत्ती, लिंबू, गंजलेला फाळ, भिंग, एवढ्या सामानावर निम्मा अभ्यास होतो. घरीं आल्यावर पोरीस म्हणावें, आज शिकलीस तें मला सांग. तिला तुमच्या बोलींत सांगतां आलें तर मास्तर खरा. दहावीच्या विज्ञानाच्या शंभर गुणांत ऐंशी लेखी परीक्षेचे आणि वीस प्रयोगाचे असतात. त्या विसांसाठीं शाळेंत प्रयोगशाळेचें कपाट असतें. बहुतेक ठिकाणीं त्या कपाटास कुलूप असतें व आंत काचेच्या नळ्यांवर धूळ बसलेली असते, कारण नळी फुटली तर हिशेब कोणी द्यावा ही भीति.

हें कुलूप उघडण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, हें तुम्हांस कोणी सांगितलें नाहीं. आठवीपर्यंतच्या सरकारी व अनुदानित शाळेंत शाळा व्यवस्थापन समिति असते. तिच्यांत चारांपैकीं तीन सभासद पालक असावे लागतात, व निम्म्या बाया. सभेची नोटीस आली कीं "आपल्याला काय कळतंय" म्हणून सही करून परत पाठवूं नका. बायांनीं तर जाऊन बसावेंच. पुढच्या सभेंत तीनच गोष्टी विचारा : विज्ञान शिकविणारा शिक्षक कोण व तो किती दिवस वर्गावर होता, या वर्षीं पोरांच्या हातून कोणते प्रयोग झाले, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते. उत्तरें कार्यवृत्तांत लिहवून घ्या. जीं मिळतील तीं या पत्राकडे पाठवा. गांवाच्या नांवासकट छापावीत अशी माझी संपादकांस विनंति आहे. आमच्या शाळेचीं उत्तरें मीं याच टपालानें धाडलीं आहेत.

— एक खेड्यांतील शिक्षक