शॉर्ट शिफ्टर नावाचं खूळ

परवा ऑफिसात लंच टेबलवर एका पोराने जाहीर केलं, "मी गाडीला शॉर्ट शिफ्टर बसवतोय." बाकीच्यांनी "सही रे!" वगैरे केलं. मी गप्प जेवत राहिलो, कारण हा उद्योग मी दोन वर्षांपूर्वी करून बसलोय. तेव्हा तिथे बोललो नाही ते इथे बोलतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: गिअरचा लिव्हर म्हणजे शाळेत शिकलेली साधी तरफ. वर आपला हात, मधे टेकू, खाली गिअरबॉक्सकडे जाणारी केबल नाहीतर रॉड. टेकू वर सरकवला किंवा खालची बाजू लांब केली की हात कमी हलवावा लागतो. समजा पहिल्यातून दुसऱ्यात जायला दहा सेंटीमीटर लागत होते, तिथे आता सहा पुरतात. झाला शॉर्ट शिफ्टर!

पण तरफ फुकट काही देत नाही. अंतर ४० टक्के वाचलं की जोर १.६७ पट लागतो. हे आठवीच्या पोरालाही कळतं, पार्ट विकणारा मात्र सांगत नाही.

"पण गिअर फटाफट पडतात ना?" नाही पडत. पुढचा गिअर आणि शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. सिंक्रोनायझरची पितळी रिंग कोनावर घासून ते वेग जुळवते, आणि जुळेपर्यंत गिअर पडू देत नाही. त्याला किती वेळ लागेल हे रिंगवर किती जोर पडतो त्यावर ठरतं. शॉर्ट शिफ्टर लावून हाताचा जोर तेवढाच ठेवलात, तर रिंगपर्यंत जोर कमी पोचतो. म्हणजे वेग जुळायला उलट जास्त वेळ! आणि दामटलंत तर कर्रर्र. ती रिंग झिजली की गिअरबॉक्स उतरवायचा. बसा मग बिल बघत.

आपण प्रोग्रामर लोकांनी तरी ह्यात फसू नये. जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच सांगून ठेवलंय की एकूण कामातला छोटासा भाग कितीही वेगवान केला तरी एकूण फायदा छोटाच राहतो. धरा, गिअर बदलायला एक सेकंद लागतो: क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा. त्यात हाताचा प्रवास पाव सेकंद. त्यातले ४० टक्के वाचले म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. मनोरहून पालघरला जाताना शंभर वेळा गिअर बदलला तर दहा सेकंद. वाघोबा खिंडीत एक लोडेड ट्रक पुढे आला की ते दहा सेकंद गेले, वर दहा मिनिटं व्याजाची.

मनोरचा विषय आलाच आहे तर खरं सांगतो. आमचं घर तिथलं. मी आठवडाभर मुंबईत, गाडी घरी. ती चालवतात बाबा. आईला फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा पालघरला न्यायचं काम त्यांचं. मी मात्र एका शनिवारी मुंबईत गाडीला तो पार्ट बसवून घेतला आणि रविवारी मोठ्या ऐटीत चावी त्यांच्या हातात ठेवली.

बाबांचा डावा खांदा आखडलेला आहे. आणि आपल्याकडे गिअर डाव्याच हाताने टाकायचा! हे मला माहीत नव्हतं असं नाही. डोक्यात आलंच नाही. पुढच्या शनिवारी घरी गेलो तर आई घरात बसलेली. दोन्ही खेपा चुकल्या होत्या. बाबा म्हणाले, "अरे, दुसरा पडतच नाही. खिंडीत चढावर बंद पडली, मागे एसटी हॉर्न मारतेय. मला वाटलं, माझंच वय झालं आता."

च्यायला, पार्ट मी बसवला आणि वय त्यांचं झालं!

हायवे नाक्याजवळच्या मेकॅनिकने लिव्हर हलवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, आधी ढिला होता तो बुशमुळे. बुश बदलायचे होते." जुना लिव्हर परत बसवला, नवे बुश टाकले, गिअर ऑइल बदललं. मला हवा होता तो 'घट्ट फील' त्यातच मिळाला, शॉर्ट शिफ्टरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमीत.

ही हौस मला कळत नाही असं नाही. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आला आणि तेव्हापासून क्लच दाबणारी माणसं कमी होत चालली आहेत. हाताने गिअर टाकण्यात मजा आहेच. गाडी तुमची एकट्याची असेल आणि रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर चालवायची असेल, तर बसवा खुशाल. फक्त त्याला मजा म्हणा, परफॉर्मन्स म्हणू नका.

घरच्या गाडीला हात लावण्याआधी मात्र एक प्रश्न विचारा: ही अजून कोण चालवतं? कोड बदलताना तो आणखी कोण वापरतंय हे आपण बघतो. निदान बघायला हवं.

असो. बाबा परत पालघरला जायला लागले आहेत. मी बाजूला बसतो आणि गप्प बसतो.