बंदराचे चित्र : वातावरण आणि तपशील

एखाद्या चित्राविषयी लिहिताना ‘शांत, रम्य वातावरण’ असे शब्द लेखणीतून सहज उतरतात. ते चुकीचे असतातच असे नाही. परंतु बहुधा निराधार असतात. चित्रातील वातावरण तपशिलातूनच सिद्ध होते, असे माझे मत आहे. युरोपीय चित्रकारांनी रंगविलेल्या बंदरांच्या आधारे ते तपासून पाहू.

क्लोद लोरें याने १६४८ साली शेबाच्या राणीच्या प्रस्थानाचे चित्र रंगविले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. क्षितिजालगतचा सूर्य, पाण्यावर उमटलेली प्रकाशाची वाट आणि दोन्ही बाजूंच्या भव्य वास्तू पाहताना प्रकाश हाच चित्राचा विषय वाटतो. पण डावीकडे काठावर एक जण डोळ्यांवर हाताची सावली धरून बसला आहे. त्या हातामुळे ते ऊन आपल्याही डोळ्यांना जाणवते. हा तपशील वगळला, तर प्रकाश केवळ शोभेचा उरतो.

जोसेफ वेर्ने याची रीत निराळी. १७५३ मध्ये पंधराव्या लुईसाठी फ्रान्सची बंदरे चितारण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने पंधरा चित्रे पूर्ण केली. अखेरचे, दिएप बंदराचे चित्र १७६५ चे आहे. प्रत्येक बंदराचा खास व्यवसाय चित्रात दिसावा, अशी अपेक्षा होती. म्हणून दिएपच्या धक्क्यावर मासळी आणि तिच्यावर जगणारी माणसे दिसतात. येथील वातावरण गजबजीचे आहे आणि ती गजबज श्रमातून निर्माण झाली आहे.

मात्र तपशील निवडलेला असतो, हेही विसरता कामा नये. वेर्नेच्या मालिकेतील बोर्दो आणि ला रोशेल या बंदरांच्या समृद्धीत गुलामांच्या व्यापाराचा वाटा होता. त्या व्यापाराची क्रूरता या प्रसन्न चित्रांत उमटत नाही. राजासाठी काढलेल्या चित्राकडून ती अपेक्षा कशी करावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु चित्रकाराला दोषी ठरवणे हा येथे हेतू नाही. काय दाखवले यावर चित्राचे वातावरण जितके अवलंबून असते, तितकेच काय वगळले यावरही असते, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे.

म्हणून ‘रम्य’ हा शब्द लिहिण्यापूर्वी आपण दोन प्रश्न स्वतःला विचारावेत : ही रम्यता चित्रातील कोणत्या तपशिलातून आली? आणि ती टिकावी म्हणून कोण चौकटीबाहेर राहिले?