सोंग की आजारपण?

शाळेत जायच्या वेळी मुलाने पोट धरले, की आई आधी मनातल्या मनात हसते. गृहपाठ झालेला नसणार, हे तिने ओळखलेले असते. पण तासाभराने ती कपाळाला हात लावून पाहतेच. दुपारी पुन्हा विचारते आणि संध्याकाळपर्यंत दुखणे थांबले नाही तर त्याला घेऊन दवाखाना गाठते. मुले सोंग करतात हे तिला पुरते ठाऊक असते. तरीही संशयाचा फायदा ती मुलालाच देते.

सरकारने ज्या मुलांना ताब्यात घेतले आहे, त्यांच्यासाठी हे कोण करते? त्यांना स्वतःहून डॉक्टरकडे जाता येत नाही, आईला हाक मारता येत नाही की कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणता येत नाही. आधी पटावे लागते ते दाराशी बसलेल्या माणसाला. आणि त्याला तर नोकरीने एकच धडा दिलेला असतो : ही पोरे बेरकी, पळून जायला निमित्तच शोधत असतात. मूल आजारी आहे की नाही, याचा पहिला निवाडा असा संशय घेण्यासाठीच नेमलेल्या माणसाच्या हाती जातो.

याचा शेवट काय होऊ शकतो, ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने 2003 साली पाहिले. मायामीच्या बालबंदीगृहात 17 वर्षांचा एक मुलगा पोटात असह्य दुखते म्हणून दिवसामागून दिवस सांगत राहिला. त्याला रुग्णालयात मात्र वेळेवर नेले गेले नाही. अपेंडिक्स फुटले आणि तो दगावला. पुढे दोन परिचारिकांवर आरोप ठेवले गेले, चौकशीत संस्थेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले गेले. अपेंडिक्स वेळेत ओळखले तर त्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही होते. मायामीत पैसा होता, परिचारिका होत्या, दूरध्वनी होता. नव्हता तो मुलाच्या शब्दावर विश्वास.

‘हे तिकडचे’ म्हणून सोडून देण्याआधी आपल्या दाराशी पाहू. ज्यांना आपण अजूनही सवयीने ‘रिमांड होम’ म्हणतो, त्या निरीक्षणगृहांसाठी आपला कायदा चांगला आहे. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, त्याच 1986 साली देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला. आज लागू आहे तो 2015 चा कायदा. त्याखालच्या 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे संस्थेत आलेल्या मुलाची 24 तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. दर महिन्याच्या तपासणीवरून त्याची आरोग्य नोंद ठेवावी लागते. तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी निदान एकदा संस्थेला भेट द्यायची असते आणि भेट देणाऱ्या पथकात एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, असे कायदाच सांगतो. कागद इतका चोख असताना मग अडते कुठे?

अडते ते मुलाच्या तोंडून निघालेली तक्रार आणि डॉक्टरचा कान यांच्यामधल्या वाटेवर. महिन्याची तपासणी पहिल्या तारखेला झाली आणि ताप पाचव्या तारखेला आला, तर नोंदवहीचा काय उपयोग? रात्री दोन वाजता फिट आली तर जागा असतो तो काळजीवाहक. रुग्णालयात न्यायचे म्हणजे वाहन हवे, सोबत माणूस हवा, वरिष्ठांची परवानगी हवी आणि मूल वाटेत निसटले तर नोकरीवर गदा. अशा वेळी ‘सकाळपर्यंत बघू’ हे शब्द तोंडात सहज येतात. त्यात दुष्टपणा असतोच असे नाही. पण अपेंडिक्स, मेंदूज्वर किंवा दम्याचा झटका सकाळपर्यंत थांबत नाही.

शिवाय ही मुले येतात तीच मुळी आजारपण अंगावर घेऊन. फलाटावर किंवा पुलाखाली राहिलेल्या मुलाला खरूज असते, जुना खोकला असतो. व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगायची सवय लागलेली असली, तर ते बंद झाल्यावर तो अस्वस्थ होतो, चिडतो, झोपत नाही. याला बेशिस्त समजून शिक्षा करणे म्हणजे तापाला चापट मारण्यासारखेच आहे. उलट, काहींच्या आयुष्यात डॉक्टरने पुरते तपासण्याची ही पहिलीच संधी असते. ती दवडणे परवडणारे नाही.

‘चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या पोरांचे एवढे लाड कशाला?’ असे विचारणारे वाचक असतील. आपले मूल साध्या शाळेत शिकते आणि तिथेही डॉक्टर फिरकत नाही, ही त्यांची खंतही खोटी नाही. पण निरीक्षणगृहातल्या मुलाची चौकशी अजून चालू असते, त्याचा अपराध सिद्ध झालेला नसतो. आणि झाला तरी कायदा त्याची मोकळीक काही काळ काढून घेतो, उपचार काढून घेत नाही. शाळेतले मूल संध्याकाळी घरी येते, हे येत नाही. ज्याने कुलूप लावले, त्यानेच पालकाचे कर्तव्यही अंगावर घेतले आहे.

मुंबईच्या डोंगरीतील निरीक्षणगृह जुन्या तुरुंगाच्या जागेत आहे. 1882 साली याच डोंगरीच्या तुरुंगात टिळक आणि आगरकर यांनी 101 दिवस काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले आणि ते आपण आजही वाचतो. आजच्या मुलांना असे लिहिता येत नाही. त्यांचे म्हणणे कुठेतरी उमटायचे असेल तर त्याची सोय आपणच केली पाहिजे.

त्यासाठी फार खर्च नको. मुलाची प्रत्येक तक्रार वेळेसह लिहिली जावी आणि ती खोटी ठरवण्याचा अधिकार फक्त डॉक्टरला असावा. रात्रपाळीच्या माणसाला वरिष्ठांना न विचारता रुग्णवाहिका बोलावण्याची मुभा असावी. बोलावली म्हणून त्याला जाब विचारला जाऊ नये. समितीतील वैद्यकीय अधिकाऱ्याने अधीक्षकांच्या खोलीत चहा घेऊन न परतता मुलांशी एकेकट्याने बोलावे. आणि मूल सुटेल तेव्हा त्याचे आरोग्यपत्र त्याच्या हाती द्यावे.

दहा वेळा सोंग निघेल आणि दहा खेपा फुकट जातील. जाऊ देत. अकराव्या वेळी पोट खरेच दुखत असेल, तर त्या दहा खेपांचे पेट्रोल कुणाच्याही लक्षात राहणार नाही.