गाडीचा नवा स्टिरिओ आणि न कापलेली वायर

दिवाळीचा हंगाम आटोपला, दुकानाचा हिशेब लागला, की घरातल्या जुन्या गाडीकडे लक्ष जाते. इंजिन उत्तम आहे, टायर नुकतेच बदललेले आहेत, गाडी विकण्याचे काही कारण नाही. मात्र तिचा स्टिरिओ सीडीच्या काळातला. चिरंजीवांना फोनवरचा नकाशा मोठ्या पडद्यावर हवा असतो, सूनबाईंना गाडी मागे घेताना कॅमेरा हवा असतो, आणि वडीलधाऱ्यांचे म्हणणे एवढेच असते की आहे ते चालते आहे, मग खर्च कशाला? आठ-दहा वर्षांच्या सुस्थितीतील गाडीत हा बदल करणे शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे. परंतु आपण घासाघीस करतो ती डब्याच्या किमतीवर आणि धोका असतो तो जोडणीत. आपल्या घरांत वस्तूची पारख असते, ती बसवणाऱ्या हाताची क्वचित होते.

बाहेरून स्टिरिओ बसवणे ही काही आजची हौस नव्हे. मोटारीतला रेडिओ मुळी बाहेरून बसवण्याची वस्तू म्हणूनच लोकप्रिय झाला. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने असा रेडिओ विक्रीस आणला आणि मोटारीवरून त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे कंपनीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. कर्ज मिळावे म्हणून गॅल्विन यांनी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत आपला रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात त्या गाडीने पेट घेतला, असा किस्सा सांगितला जातो. अर्थात कर्ज मिळाले नाही. आपल्याकडेही प्रीमियर पद्मिनीच्या आणि सुरुवातीच्या मारुती ८०० च्या मालकांनी टेप बाजारातूनच बसवून घेतले. चोरीच्या भीतीने तो डबा कडीला धरून उपसून काढायचा आणि लग्नाच्या मांडवात मांडीवर घेऊन बसायचे, हे दृश्य पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल.

त्या काळी गाडी आणि टेप यांचा संबंध मोजक्या वायरींपुरता होता. आज तसे नाही, म्हणून पहिला प्रश्न गाडीच्या वयाचा. अलीकडच्या अनेक गाड्यांत त्याच पडद्यावर एसीची सूचना, टायरमधील हवेचा दाब, चारही बाजूंचे कॅमेरे आणि कुलपांची मांडणी असते. स्टिरिओ हा गाडीच्या अंतर्गत संगणकांपैकी एक असतो. असा पडदा काढून बाहेरचा बसवू नये. फोन वायरशिवाय जोडला जावा एवढीच गरज असेल, तर यूएसबीत बसणारी छोटी डबी मिळते. तिने काम भागते. मात्र त्या गाडीत वायरने कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो आधीपासून चालत असले पाहिजे.

जुन्या गाडीत बहुधा ठरावीक मापाची चौकट असते. जर्मन ‘डिन’ मानकावरून आलेले हे माप एकपट असेल तर १८० बाय ५० मिलिमीटर आणि दुप्पट असेल तर १८० बाय १०० मिलिमीटर. काही जपानी गाड्यांत रुंदी २०० असते. नऊ-दहा इंची पडदे या खाचेत मावत नाहीत; त्यांना त्या त्या मॉडेलची वेगळी फ्रेम लागते. फ्रेम नेमकी मिळाली नाही तर डॅशबोर्ड कानस मारून वाढवतात. ते होऊ देऊ नये, कारण कापलेले प्लास्टिक परत जोडता येत नाही आणि पुढे गाडी विकताना पहिली नजर तिथेच जाते.

आता मुख्य मुद्दा. गाडीच्या कंपनीने स्टिरिओमागे दिलेल्या सर्व वायरी एका कपलरमध्ये येतात. आपल्या गाडीच्या कपलरमध्ये एका टोकाने आणि नव्या स्टिरिओत दुसऱ्या टोकाने बसणारी तयार जोडणी बाजारात मिळते. ती वापरली तर एकही मूळ वायर कापावी लागत नाही. तरीही अनेक ठिकाणी कपलर छाटून, वायरी दातांनी सोलून, पिळून वर काळी टेप गुंडाळली जाते. वीस मिनिटांत काम होते आणि दिसायला काही फरक नसतो. पण उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डमध्ये टेपचा चिकटपणा सुटतो, खड्ड्यांच्या रस्त्यावर पीळ सैल होतो आणि उघडी वायर पत्र्याला टेकते. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर पाहून विजेच्या तक्रारीला नकार देण्याचे कारण कंपनीला आयतेच मिळते.

रंगांचाही घोटाळा होतो. बाजारातील स्टिरिओवर साधारणपणे पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी आणि काळी अर्थची असते. मात्र हे रंग नव्या डब्याचे. गाडीच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. रंगाला रंग जुळवणे म्हणजे मालाची चिठ्ठी न वाचता गोणीच्या रंगावरून माल उतरवून घेणे. कोणत्या वायरीत केव्हा वीज येते, हे मीटर लावूनच पाहावे लागते. त्याच परिसरात पिवळ्या वेष्टणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावायचा नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडायला सांगावे. जुन्या स्टिरिओला सुरक्षा कोड असेल तर तो आधी लिहून ठेवावा.

लाल वायरही थेट बॅटरीवर जोडली, तर किल्ली काढल्यावरही स्टिरिओ जागाच राहतो. समजा तो अर्धा अँपिअर वीज घेत राहिला आणि लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. भागाकार केला तर ७० तास होतात, म्हणजे पुरते तीन दिवसही नाहीत. कुटुंब चार दिवस लग्नाला गेले, परतल्यावर गाडी सुरू होत नाही आणि दोष बॅटरी विकणाऱ्यावर जातो. फ्यूजबाबत याहून कडक राहावे. स्टिरिओच्या पाठीमागे बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून देणारा कारागीर आपले काम सोपे करीत नसतो. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो जळला नाही तर वायर जळते.

खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे ठळक छापलेले असते. तराजूवर आयुष्य गेलेल्या वाचकांना हे एका वाक्यात सांगता येईल: ते बारदानासह वजन आहे. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. नेहमीच्या स्टिरिओत तेवढ्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात फार तर २६ वॅटच्या आसपास शक्ती मिळू शकते, प्रत्यक्षात त्याहून कमीच. माहितीपत्रकात ‘आरएमएस’ असे लिहिलेला आकडा निव्वळ वजनाचा. तुलना त्याच आकड्याची करावी. आणि केवळ आवाज सुधारायचा असेल तर आधी पुढच्या दोन दरवाजांतील स्पीकर बदलून पाहावेत. जुन्या कागदी पडद्याच्या स्पीकरवर कितीही महागडा स्टिरिओ लावला तरी आवाज फाटकाच येतो. रेडिओ खरखरतो, ही तक्रार तर पुष्कळदा एका निळ्या वायरीची असते: काही गाड्यांच्या अँटेनात लहानसा अॅम्प्लिफायर असतो, त्याला वीज देणे राहून गेलेले असते.

यापुढची गोष्ट घरातल्या तरुणांना आवडणार नाही. पडद्याच्या स्टिरिओला एक वायर हँडब्रेकसाठी दिलेली असते. हँडब्रेक ओढलेला असेल तेव्हाच चित्रफीत दिसावी, गाडी चालताना दिसू नये, यासाठी ती आहे. अनेक दुकानांत ही वायर हँडब्रेकपर्यंत नेतच नाहीत. जवळच्या पत्र्याला अर्थ करून टाकतात. मग स्टिरिओला गाडी सदैव उभीच आहे असे वाटते. ग्राहकाने मागितले नाही तरीही सेवा म्हणून हे केले जाते. इचलकरंजीहून सोलापूरपर्यंत मालाचे नमुने घेऊन एकट्याने गाडी चालवणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचा सामना चालू असावा, असे कोणत्या आईवडिलांना वाटेल? नकाशा आणि मागचा कॅमेरा यांना या वायरीचा अडथळा होत नाही. तेव्हा ती हँडब्रेकलाच जोडून द्या, असे दुकानदाराला स्पष्ट सांगावे आणि गाडी ताब्यात घेताना हँडब्रेक सोडून चित्रफीत थांबते की नाही हे पाहावे. याबाबत मुलाशी वाद झाला तर होऊ द्यावा.

हिशेबाची बाजू राहिली. गाडीच्या मूळ किमतीत धरलेला स्टिरिओ विम्यात येतो. बाहेरून बसवलेला आपोआप येत नाही. गॅस किट जसे पॉलिसीत वेगळे लिहून घेतात, तशीच विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांचीही वेगळी नोंद असते. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात ‘आयएमटी २४’ या कलमाखाली तिचा दर किमतीच्या ४ टक्के होता, म्हणजे २०,००० रुपयांच्या स्टिरिओला ८०० रुपये. आज कंपनीगणिक आकडा विचारून घ्यावा, पण नोंद मात्र अवश्य करावी. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर हा प्रश्नच येत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण घेतले असेल तरच त्याचा उपयोग. नोंदीसाठी पक्के बिल लागते. त्यावर स्टिरिओचा अनुक्रमांक, स्पीकर आणि बसवणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. कच्च्या पावतीत चार पैसे वाचतात, पण पडदा सहा महिन्यांत काळा पडला तर वॉरंटी कोणत्या कागदावर मागणार?

काढलेला जुना स्टिरिओ, त्याची फ्रेम, स्क्रू आणि कोडचा कागद एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावा. दुकानदार त्याचे तीनशे-चारशे रुपये वळते करून देऊ म्हणेल, देऊ नये. मूळ कपलर शाबूत असेल तर गाडी विकण्याच्या दिवशी अर्ध्या तासात तो परत जागेवर बसतो आणि नवा स्टिरिओ माप जुळल्यास, वेगळी फ्रेम व कपलर घेऊन, पुढच्या गाडीतही वापरता येतो.